घेवड्याची आमटी : आधी खळखळ, मग मंद आच



गेल्या थंडीतली गोष्ट. विहारातली रविवारची महिला बैठक संपल्यावर सगळ्यांनी मिळून जेवायचे ठरले होते. आमच्यातल्या निम्म्या घरांचे मूळ गाव सातारा जिल्ह्यात, कोरेगावच्या बाजूला. त्यामुळे बेत ठरलेलाच होता : वाघ्या घेवड्याची आमटी, ज्वारीची भाकरी आणि कांदा. एकीच्या भाचीने परदेशातून मंद आचेवर शिजवणारे विजेचे भांडे पाठवले होते. रात्री घेवडा भिजत घातला, सकाळी त्या भांड्यात टाकला, बटण सर्वात मंद आचेवर ठेवले आणि आम्ही निर्धास्त झालो. दुपारी घेवडा मऊ दिसत होता, पण काही दाणे मध्ये कचकच लागत होते. "चालतंय की," म्हणून सगळ्यांनी खाल्ले. दोन तासांत सहा जणींना मळमळ आणि उलट्या सुरू झाल्या. त्यांतल्या दोघींना जुलाबही झाले. एक आजी तर पार गळून गेली.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "राजमा किंवा घेवडा खाल्लात का? आणि तो नीट उकळला होता का?" आम्ही एकमेकींकडे पाहत राहिलो. खराब माल, शिळे पाणी, कुणाची नजर अशा सगळ्या शंका आमच्या मनात येऊन गेल्या होत्या. दोष मात्र आमच्या शिजवण्यात होता. संध्याकाळपर्यंत सगळ्या सावरल्या. त्या दिवसापासून आम्ही हा विषय नीट समजून घेतला. तोच आज आपल्यासमोर मांडत आहोत.

घेवड्यात असते काय?

वाघ्या घेवड्याच्या दाण्यावर वाघासारखे लालसर पट्टे असतात, म्हणून तो वाघ्या. कोरेगावच्या या घेवड्याला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. घेवडा आणि राजमा हे एकाच जातीचे कडधान्य आहे. त्यामुळे पुढे जे सांगतो ते दोन्हींना लागू आहे.

या दाण्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचे एक नैसर्गिक विष असते. नाव अवघड आहे, ते लक्षात नाही राहिले तरी चालेल. काम लक्षात ठेवा : ते आतड्याच्या अस्तराला इजा करते. कच्चे चार-पाच दाणे पोटात गेले तरी त्रास होऊ शकतो. खाल्ल्यापासून साधारण एक ते तीन तासांत मळमळ आणि उलट्या सुरू होतात, मागून जुलाब लागतात. बहुतेकांना काही तासांत आराम पडतो. पण लहान मूल, म्हातारे माणूस किंवा गरोदर बाई असेल तर अंगातले पाणी कमी होण्याचा धोका असतो. अशा वेळी मीठ-साखरेचे पाणी किंवा ओआरएस पाजत राहावे आणि दवाखाना गाठावा.

हे विष जोरदार उकळीने नष्ट होते. मंद आचेने मात्र होत नाही. पाणी 100 अंशांवर खळखळ उकळते, तेव्हा ते विष मोडते. मंद आचेच्या यंत्रात आतले तापमान बराच वेळ 75 ते 80 अंशांच्या आसपासच राहू शकते. तेवढ्या उष्णतेने दाणा मऊ होतो, पण विष शिल्लक राहते. इतकेच नव्हे, अशा अर्धवट उष्णतेने त्याचा जोर कच्च्या दाण्यापेक्षाही वाढू शकतो. म्हणून "मऊ झाला म्हणजे शिजला" हा हिशोब घेवड्याच्या बाबतीत चुकीचा आहे. लाल घेवड्यात हे विष जास्त असते. पांढऱ्यात कमी असते, पण असतेच.

आजी काय करायची?

मग आमच्या आज्या तर तासन्‌तास मंद आचेवरच आमटी शिजवायच्या, त्यांना कसा त्रास झाला नाही? हा प्रश्न आम्ही बैठकीतल्या वयस्कर बायांना विचारला. त्यांनी सांगितले ते असे.

रात्री घेवडा भिजत घालायचा. सकाळी ते पाणी परसात ओतून द्यायचे. नव्या पाण्यात घेवडा घालून पातेले आधी चुलीच्या तोंडावर, भर जाळावर ठेवायचे. "चांगला खदखदा उकळू दे, फेस येऊ दे, फेस काढून टाक," असे सासू बजावायची. भाकरीचे पीठ मळून चार भाकरी थापून होईपर्यंत तो तिथेच उकळत राहायचा. त्यानंतर पातेले वैलावर सरकवायचे. चुलीच्या जाळाची उरलेली धग जिथे जाते तो वैल. झाकणाच्या ताटात पाणी ठेवायचे. आमटी आटली की ते कोमट पाणी आत ओतायचे. बाई शेतावर मजुरीला जायची आणि आमटी निखाऱ्याच्या धगीवर तयार व्हायची.

म्हणजे वैल हेच आपले मंद आचेचे यंत्र होते. पण वैलाच्या आधी जाळ होता. आम्ही मंद आच तेवढी उचलली आणि आधीची खळखळ सोडून दिली. आजीला विषाचे नाव माहीत नव्हते, तरी तिच्या कृतीत कारण होते. घरची रीत पाळायची तर सगळी पाळावी, आणि ती तशी का आहे हेही समजून घ्यावे. अर्धी रीत कधी कधी रीत नसण्यापेक्षा वाईट ठरते.

आपल्या गॅसवर कशी करायची?

खाली दिलेले प्रमाण दहा-बारा वाटणीचे आहे. निम्मी आज खायची, निम्मी ठेवायची.

साहित्य : अर्धा किलो घेवडा, तीन कांदे, अर्धी वाटी सुके खोबरे, वीसेक लसूण पाकळ्या, बोटभर आले, मूठभर कोथिंबीर, तीन चमचे कांदा-लसूण मसाला, हळद, चार चमचे तेल, मीठ, चार-पाच आमसुले.

1. घेवडा निवडून, धुऊन भरपूर पाण्यात रात्रभर भिजवा. निदान पाच तास तरी हवेतच. उन्हाळ्यात भिजवणाचे पाणी एकदा बदला.

2. भिजवणाचे पाणी ओतून द्या, ते आमटीत वापरू नका. घेवडा पुन्हा धुवा. पोट फुगण्याचा त्रासही यामुळे कमी होतो.

3. नव्या पाण्यात मोठ्या आचेवर ठेवा. पाणी खळखळ उकळू लागले की घड्याळ पाहा आणि तिथून पूर्ण 30 मिनिटे उकळू द्या. खरे तर दहा मिनिटांच्या जोरदार उकळीतही विष मोडते. पण उकळी नेमकी कधी आली याचा अंदाज चुकतो, म्हणून अर्धा तास धरावा.

4. आता मंद आच. गॅस वाचवायचा असेल तर उकळते पातेले घट्ट झाकून आधी जुन्या वर्तमानपत्रांत आणि मग जाड सुती गोधडीत गुंडाळून ठेवा. पातेले तीन-चतुर्थांश तरी भरलेले हवे, थोडे असेल तर ते लवकर निवते. नायलॉनचे ब्लँकेट वापरू नका. पातेले शेगडीपासून आणि मुलांपासून दूर ठेवा. दोन ते तीन तासांत घेवडा आपल्याच वाफेत शिजतो. तीन तासांपेक्षा जास्त ठेवू नका. बाहेर काढून पुन्हा उकळी आणा.

5. दाणा बोटात दाबून पाहा. आतून पिठासारखा चुरला तर शिजला. कचकच लागला तर आणखी उकळवा.

6. कांदा-खोबरे भाजून, लसूण-आले-कोथिंबीर घालून वाटण करा. तेलात परतून मसाला, हळद घाला, मग शिजलेला घेवडा. पळीने थोडे दाणे ठेचले की आमटी मिळून येते. आमसूल किंवा टोमॅटो शेवटी घाला. आंबट आधी पडले तर दाणा लवकर शिजत नाही.

ज्यांच्याकडे वेळ नाही त्यांनी कुकर वापरावा. भिजवलेला घेवडा, अर्ध्याहून कमी भरलेला कुकर, पाच-सहा शिट्ट्या आणि मग पंधरा मिनिटे बारीक आच. कुकरमधली उष्णता उकळीपेक्षा जास्त असते, त्यामुळे तोही सुरक्षित आहे. विजेचे मंद भांडे असेल तर तेही फेकायचे कारण नाही. आधी गॅसवर अर्धा तास उकळा, मग त्यात घाला.

उरलेली आमटी कशी ठेवायची?

धुणीभांडी, सफाई, कारखाना करून रात्री आठला घरी आलेल्या बाईला रांधायचे त्राण नसते. मग मुलांच्या हाती पाकिटातल्या शेवया पडतात. बर्फाच्या कप्प्यात आमटीचा एक डबा असेल तर त्या रात्री फक्त भाकरी टाकावी लागते. पण ठेवण्याचेही नियम आहेत.

मोठे पातेले रात्रभर झाकून ओट्यावर ठेवू नका. मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो आणि जंतू वाढतात. काहींचे बीज उकळीतूनही वाचलेले असते. पातेले परातीत थंड पाण्यात ठेवा, पळीने हलवा, पाणी बदला. आमटी निवली की एका जेवणापुरत्या उथळ डब्यांत भरा आणि शिजल्यापासून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा. डबा काठोकाठ भरू नका, गोठताना आमटी फुगते, म्हणून बोटभर जागा सोडा. काचेची बरणी तडकते. रंगाचे, औषधाचे जुने प्लास्टिक डबे तर वापरूच नका. झाकणावर तारखेची चिठ्ठी लावा. ठेवायची आमटी घट्टच ठेवा, पाणी गरम करताना घाला.

फ्रिजच्या खालच्या भागात आमटी दोन-तीन दिवस टिकते. एका दाराच्या छोट्या फ्रिजचा बर्फाचा कप्पा पुरेसा गार नसतो, त्यातली आठ-दहा दिवसांत संपवा. उणे 18 अंशांचा वेगळा फ्रीझर असेल तर दोन महिने चांगली राहते. खाताना सगळी आमटी खळखळ उकळवा. एकदा वितळलेली पुन्हा गोठवू नका. वीज बराच वेळ गेली, आमटी वितळून कोमट झाली आणि दोन तासांहून जास्त तशीच राहिली, तर टाकून द्या. जीव तुटतो, पण वास चांगला आला म्हणून अन्न चांगले असतेच असे नाही.

फ्रिज नसलेल्या घरांनी एका वेळेपुरतीच करावी. त्यांच्यासाठी आमची सोय अशी आहे : दोन-तीन शेजारणींनी मिळून एकच पातेले चढवायचे आणि गरमागरम वाटून घ्यायचे. गॅस एकीचा, घेवडा दुसरीचा, वाटण तिसरीचे.

एवढी खटपट कशासाठी?

शंभर ग्रॅम कोरड्या घेवड्यात साधारण 20 ते 22 ग्रॅम प्रथिने आणि सुमारे 6 मिलिग्रॅम लोह असते. चोथाही भरपूर असतो, त्यामुळे रक्तातली साखर हळूहळू वाढते. भाकरीसोबत खाल्ला की धान्यातली आणि कडधान्यातली प्रथिने एकमेकांची उणीव भरून काढतात. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. म्हणजे आपल्या बैठकीत बसणाऱ्या दर दोघींपैकी एक.

मात्र कडधान्यातले लोह अंगाला कमी लागते. ते जास्त लागावे म्हणून ताटात लिंबू पिळा किंवा जेवणानंतर पेरू खा. जेवणाला लागून चहा घेऊ नका, निदान तासभर थांबा. गरोदर बाईने लोहाच्या गोळ्या बंद करू नयेत, आमटी गोळीची जागा घेत नाही. रक्तदाब असलेल्यांनी मीठ बेताने घालावे. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच कडधान्याचे प्रमाण ठरवावे.

बैठकीत चर्चेसाठी

1. आपल्या घरी घेवडा किंवा राजमा किती वेळ उकळला जातो? या आठवड्यात घड्याळ लावून पाहा.
2. रात्री उरलेली आमटी आपण कुठे ठेवतो, आणि किती वेळाने?
3. घरातल्या वयस्कर बाईला एका पदार्थाची रीत विचारा. तिने केलेल्या प्रत्येक कृतीचे कारण काय असेल?

त्या रविवारी गळून गेलेली आजी पुढच्या बैठकीला आली तेव्हा आम्ही सगळ्या ओशाळलो होतो. ती हसली आणि म्हणाली, "पोरींनो, यंत्र आणा, नको म्हणत नाही. पण मला एकदा विचारायचं तरी." त्या दिवशी तिनेच उभे राहून आमटी करवून घेतली. अर्धा तास खळखळ, मग गोधडीत. सगळ्यांनी दोनदा वाढून घेतली.

आपणही करून पाहा आणि शेजारच्या घरी सांगा. जयभीम. नमो बुद्धाय.