ऐतिहासिक शोकांतिकेतील हुतात्मा नायक

१ फेब्रुवारी १६८९ रोजी छत्रपती संभाजी महाराज संगमेश्वर येथे मोगलांच्या हाती सापडले. ११ मार्च रोजी भीमेच्या काठी कवी कलशासह त्यांचा वध झाला. हा शेवट मराठी प्रेक्षकाला आधीच ठाऊक असतो. त्यामुळे या विषयावरील नाटकात ‘पुढे काय होणार’ ही उत्कंठा उरत नाही. तिची जागा ‘हे असे का घडले’ हा प्रश्न घेतो.

नाटककारापुढे याहून मोठी एक अडचण असते. ॲरिस्टॉटलच्या मते, सर्वस्वी निर्दोष माणसाचा नाश पाहून करुणा आणि भीती निर्माण होत नाही, केवळ उद्वेग येतो. म्हणून शोकांतिकेच्या नायकाकडून काही प्रमाद घडावा लागतो. हुतात्मा मात्र मृत्यू समजून-उमजून पत्करतो. मग त्याची कथा शोकांतिका कशी व्हावी?

राम गणेश गडकरी यांनी ‘राजसंन्यास’मध्ये प्रमादाचा मार्ग घेतला. त्यांचा संभाजी विलासात गुंतलेला आणि उशिरा पश्चात्ताप पावणारा आहे. १९१९ मध्ये गडकऱ्यांचे निधन झाले व नाटक अपूर्ण राहिले. पुढे वा. सी. बेंद्रे यांच्या १९६० मधील चरित्राने या रूढ प्रतिमेला कागदपत्रांच्या आधारे छेद दिला. नाटकातील चित्रणावरचा रोष मात्र शमला नाही. जानेवारी २०१७ मध्ये पुण्याच्या संभाजी उद्यानातील गडकऱ्यांचा पुतळा हटवण्यात आला. नाटकातील पात्र आणि इतिहासातील व्यक्ती यांत फरक करणे किती अवघड असते, ते यावरून दिसते.

वसंत कानेटकरांच्या ‘इथे ओशाळला मृत्यू’ (१९६८) या नाटकाचा नायक वेगळा आहे. त्याचे बळ त्याच्या न नमण्यात आहे. अशा नायकाच्या मनात पालट फारसा होत नाही. म्हणून संघर्षाचा भार प्रतिपक्षाला उचलावा लागतो. येथे तो औरंगजेबावर येतो. प्रभाकर पणशीकरांनी ही भूमिका गाजवली, यात नवल नाही. कैद्याचा देह बादशहाच्या ताब्यात असतो, पण त्याला हवी असते शरणागती, आणि ती मिळत नाही. हा परिस्थितीतला उपरोध होय. प्रेक्षकाला पुढचा इतिहासही माहीत असतो: औरंगजेब दिल्लीला परतलाच नाही, १७०७ मध्ये अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे तो मरण पावला. पाहता पाहता शोकांतिकेची छाया मारणाऱ्यावरच पडते.

शीर्षकातही हेच सुचवले आहे. ओशाळणे ही माणसाची भावना. ती मृत्यूवर लादली आहे. हा चेतनगुणोक्ती अलंकार होय.

याच बादशहाच्या आज्ञेने १६७५ मध्ये दिल्लीच्या चांदणी चौकात गुरू तेगबहादूर यांचा शिरच्छेद झाला होता. संभाजी महाराजांना कोणी ‘धर्मवीर’ म्हणतात, कोणी ‘स्वराज्यरक्षक’. पहिल्या शब्दात श्रद्धेवर भर आहे, दुसऱ्यात राज्यावर. नाटककाराने यांपैकी काय निवडले, हे त्याच्या संवादांतून शोधावे लागते. इतिहासाचे पुस्तक ते सांगणार नाही.

पाठगत प्रश्न

१. हुतात्मा नायकाच्या नाटकात प्रतिनायकाला महत्त्व का येते?

२. तुम्ही पाहिलेल्या एखाद्या ऐतिहासिक नाटकातील कल्पित प्रसंग सांगा. तो वगळला तर नाटकाचे काय बिघडेल?