बटाट्यावरील परदेशी किडींच्या धोक्याची आणेवारी



आमचें उमेदीचें वय महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत गेलें. पीक उभें असतां पाहणी करावयाची आणि अमुक गांवचें पीक इतकें असा अंदाज कागदावर मांडावयाचा, हें काम आम्हीं पुष्कळ वर्षें जवळून पाहिलें. त्यास जुनीं माणसें आणेवारी म्हणत, हल्लीं पैसेवारी म्हणतात. जी कीड अद्याप आपल्या शेतांत आलीच नाहीं तिच्या धोक्याचीही अशीच आणेवारी करतां येते. ती कशी, हें बटाट्याच्या पिकावरून या लेखांत समजावून घेऊं.

प्रथम घडून गेलेलें उदाहरण पाहूं. बटाटा हें मूळचें आपलें पीक नव्हे. तें दक्षिण अमेरिकेंतील अँडीज पर्वतांतून युरोपास गेलें व तेथून आपणांकडे आलें. मागोमाग त्याचे शत्रूही निघाले. १९०६ सालीं इटलीहून मुंबई इलाख्यांत आलेल्या बियाण्याच्या बटाट्यांबरोबर पाकोळी ही कीड हिंदुस्थानांत शिरली. हा करड्या रंगाचा लहानसा पतंग पानांवर व बटाट्याच्या डोळ्यांपाशीं अंडीं घालतो. अळी आंत शिरून गर पोखरते, व डोळ्यांपाशीं तिची काळसर विष्ठा दिसूं लागते. उष्ण व कोरडी हवा तिला मानवते. आणि आपल्याकडे तर बटाटा उन्हाळ्यांत अरणींत ठेवण्याची चाल. पाहुणीस घर आयतेंच मिळालें.

एके वर्षीं आमच्या घरची अरण उघडली, तों वरच्या थरांतील बटाटे हातांत घेतांच पिचूं लागले. बियाण्यासाठीं राखलेला माल उकिरड्यावर टाकावा लागला. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीं जहाजांतून उतरलेल्या किडीची ती वसुली होती, आणि ती अद्याप चालूच आहे.

आतां आणेवारीची रीत सांगतों. कोणत्याही परक्या किडीविषयीं चार प्रश्न विचारावे. ती येईल काय? आली तर आपल्या हवेंत जगेल काय? जगली तर पसरेल काय? पसरली तर नुकसान किती करील? प्रत्येक प्रश्नास सोळा आण्यांपैकीं किती आणे द्यावयाचे तें ठरवावें. मात्र येथें बेरीज करावयाची नसून गुणाकार करावयाचा आहे. समजा, येण्याचा संभव चार आणे म्हणजे पाव, जगण्याचा आठ आणे म्हणजे निम्मा, पसरण्याचा सोळा आणे म्हणजे पुरा, आणि नुकसान बारा आणे म्हणजे पाऊण. तर गुणाकार केल्यावर रुपयास दीड आणा धोका निघतो. हे आंकडे केवळ रीत कळावी म्हणून घेतले आहेत. ध्यानांत ठेवावयाचें तें हें कीं, चारांपैकीं एक जरी शून्य झालें तरी सारा गुणाकार शून्य होतो.

हीच रीत कोलोरॅडो भुंगेऱ्यास लावून पाहूं. हा पिवळसर रंगाचा असून त्याच्या पाठीवर दहा काळे पट्टे असतात. मूळ तो उत्तर अमेरिकेंतील एका रानटी काटेरी झाडावर जगत असे. तें झाड बटाट्याच्याच कुळांतील. लोकांनीं तिकडे बटाटा नेला, आणि १८५९ सालीं नेब्रास्कांत त्यानें बटाट्याच्या शेतांवर धाड घातली. १८७४ सालापर्यंत तो अटलांटिकच्या किनाऱ्यास भिडला. १९२२ सालीं फ्रान्सांत बोर्दोजवळ त्यानें ठाण मांडलें व तेथून तो युरोपभर पसरला. १९९३ सालीं तो चीनच्या शिंच्यांग प्रांतांत सांपडला. आपल्या देशांत त्याची नोंद नाहीं.

पहिला प्रश्न येण्याचा. शिंच्यांग व आपण यांच्यामध्यें उत्तुंग पर्वत आहेत, म्हणून उडत येण्याचा संभव थोडा. परंतु मालाबरोबर, वाहनांत किंवा माती लागलेल्या बटाट्यांतून तो सहज प्रवास करतो. दुसरा प्रश्न जगण्याचा. दिवस लहान होऊं लागले कीं हा किडा जमिनींत शिरून निजतो. आपल्या मैदानी मुलखांतील रब्बीचा बटाटा नेमका लहान दिवसांत उभा असतो, म्हणून येथें त्यास आणे कमी द्यावे. हिमालयांतील थंड हवेंत मात्र बटाटा उन्हाळ्यांतील मोठ्या दिवसांत पिकतो. तेथें आणे वाढवावे लागतील. शिवाय नव्या हवेशीं जुळवून घेण्यांत हा किडा पटाईत आहे, म्हणून शून्य कोठेंच धरूं नये. तिसऱ्या प्रश्नास सोळा आणे द्यावे, कारण एक मादी कित्येक शें अंडीं घालते. चौथ्यासही कमी देतां येत नाहींत. भुंगेरा व अळी दोन्ही पाला खाऊन नुसते देठ ठेवतात, आणि पन्नासांहून अधिक कीटकनाशकें त्यानें पचविलीं आहेत.

यावरून तात्पर्य काय निघतें? हवा आपल्या हातीं नाहीं, किड्याची वीण आपल्या हातीं नाहीं, औषधाचाही भरंवसा नाहीं. आपल्या हातीं आहे तो पहिला प्रश्नच. सरकारनें १९१४ सालीं यासाठीं कायदा केला, व २००३ सालच्या आदेशानें परदेशी रोपें व बियाणें यांच्या आयातीपूर्वीं धोक्याची तपासणी ठरवून दिली. तथापि केवळ पहारेकऱ्यावर विसंबून चालत नाहीं. पाकोळीच्याच कुळांतील टूटा नांवाची टोमॅटोवरील नागअळी २००६ सालीं स्पेनमध्यें शिरली, आणि २०१४ सालीं ती आपल्या पुणें भागांत सांपडली. ती बटाट्याचा पालाही खाते.

म्हणून प्रत्येकानें पुढील नियम पाळावे.

१. स्वस्त मिळतें म्हणून बिनदाखल्याचें बियाणें घेऊं नये. परदेशाहून येणाऱ्या आप्तांस पिशवींतून चार बटाटेही आणूं देऊं नयेत.

२. प्रत्येक पोत्यांतील कांहीं बटाटे कापून पाहावे. डोळ्यांपाशीं विष्ठा दिसली तर पोतें परत करावें.

३. पिकास मातीची भर नीट द्यावी. काढलेला बटाटा रात्रीं शेतांत उघडा ठेवूं नये व त्याच पिकाच्या पाल्यानें झांकूं नये. त्या पाल्यांतील अळ्या बटाट्यांत उतरतात. शक्य तर बियाणें शीतगृहांत ठेवावें.

४. अनोळखी किडा दिसल्यास तो घट्ट झांकणाच्या बाटलींत घालावा, गट नंबर व तारीख लिहावी, आणि सहायक कृषि अधिकाऱ्यास किंवा जवळच्या कृषि विज्ञान केंद्रास दाखवावा. जिवंत किडा गांवोगांव दाखवीत फिरूं नये.

पीक बुडाल्यावर केलेल्या पाहणीनें फार तर सूट मिळते, पीक परत मिळत नाहीं. परकी कीड एकदां जमिनींत रुजली कीं तिची नोंद कोणत्याही दप्तरांतून कमी करतां येत नाहीं. ती पुढच्या पिढीच्या नांवें चढते. यास्तव येत्या हंगामाचें बियाणें घेतांना चौघांनीं एकत्र बसून हे चार प्रश्न अवश्य विचारावे.