पश्चिमेची खिडकी

काही वर्षांपूर्वी आम्ही गोंदियातील कवेलूचे जुने घर सोडून स्लॅबच्या नव्या घरात राहावयास गेलो. दिवाणखान्यात पश्चिमेकडे अखंड काचेची मोठी खिडकी असावी, हा हट्ट माझाच. पहिल्याच मे महिन्यात त्या हट्टाची किंमत कळली. आमच्याकडे त्या दिवसांत पारा ४५ अंशांच्या घरात जातो. दुपारी चारनंतर त्या खोलीत बसवत नसे. आतून जाड पडदा लावला, तरी फरक थोडाच पडला. आईची खाट त्याच खोलीत होती. एके दिवशी तिचे डोके दुखू लागले, मळमळू लागले. मी घाबरलो. तिला मागच्या अंधाऱ्या खोलीत हलवले, ओल्या कापडाने अंग पुसले, डॉक्टरांना बोलावले. मग त्या खिडकीचाच राग आला आणि माठातले तांब्याभर पाणी मी काचेवर फेकले. ‘टक्’ असा आवाज झाला आणि काचेला या कडेपासून त्या कडेपर्यंत तडा गेला.

संध्याकाळी आईला बरे वाटू लागले, तेव्हा ती म्हणाली, “अरे, तू कॉलेजात मुलांना हेच शिकवतोस ना?”

हेच शिकवतो! म्हणून खोली का तापली आणि काच का तडकली, ते आता नीट पाहू.

एक सोपा प्रयोग करा. तापलेली इस्त्री उभी ठेवा आणि तिच्यापासून वीतभर अंतरावर तळहात धरा. धग जाणवेल. आता मध्ये खिडकीच्या काचेचा तुकडा धरा (कडा फडक्यात धराव्यात, हात कापतो). धग एकदम कमी होईल. हाच तुकडा घेऊन उन्हात या आणि हातावर काचेतून ऊन पडू द्या. चटका जवळजवळ तसाच लागेल. काच तीच, पण इस्त्रीची उष्णता अडली आणि सूर्याची आली, असे का?

सूर्याचा पृष्ठभाग सुमारे ५,५०० अंश सेल्सिअस तापमानाचा आहे. त्याच्या किरणांची तरंगलांबी कमी, मुख्यतः अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास असते. अशा किरणांचा ८० टक्क्यांहून अधिक भाग साधी पातळ काच आत सोडते. ते जमिनीवर, भिंतीवर, पडद्यावर शोषले जातात आणि त्या वस्तू तापतात. तापलेल्या वस्तूही प्रारण करतात, पण त्यांचे तापमान कमी असल्यामुळे तरंगलांबी सुमारे १० मायक्रॉन असते. या लांब अवरक्त किरणांना काच भिंतीसारखीच अपारदर्शक आहे.

पाठ्यपुस्तके येथेच थांबतात. मला मात्र पुढची गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. १९०९ मध्ये अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ आर. डब्ल्यू. वुड यांनी दोन पेट्या उन्हात ठेवल्या. एकीवर काचेचे झाकण होते आणि दुसरीवर खनिज मिठाचे, म्हणजे सैंधवाचे. सैंधवातून अवरक्त किरण सहज निघून जातात. सूर्यकिरण आधी काचेतून गाळून घेतल्यावर दोन्ही पेट्यांच्या तापमानात जेमतेम एका अंशाचा फरक राहिला. याचा अर्थ, बंदिस्त जागा तापते ती मुख्यतः गरम हवा बाहेर पडू शकत नाही म्हणून. आमची अखंड काच उघडतच नव्हती, हे येथे लक्षात घ्यावे.

आता दिशा पाहू. गोंदियाचा अक्षांश सुमारे साडेएकवीस अंश उत्तर आहे. त्यामुळे मेच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य आमच्या अगदी डोक्यावर येतो आणि मध्यान्ही उभ्या काठीची सावली नाहीशी होते. त्या दिवसांत दक्षिणेच्या खिडकीत ऊन शिरत नाही. मार बसतो तो छपराला दुपारी आणि पश्चिमेच्या खिडकीला संध्याकाळी. तेव्हा सूर्य खाली असल्याने छज्जाही उपयोगी पडत नाही. चार-साडेचारला अशा खिडकीच्या एक चौरस मीटर काचेवर सुमारे ५०० वॅट शक्तीचे ऊन पडते. माझी खिडकी दोन चौरस मीटरची, म्हणजे ऐन उन्हाळ्यात मी खोलीत एक किलोवॅटचा हीटर लावून ठेवला होता!

आतला पडदा का निरुपयोगी ठरला, हे आता कळेल. ऊन पडद्यावर पोहोचते तेव्हा ते घरात आलेले असते. पडदा तापतो आणि खोलीला तापवतो. आम्ही पुढे बुरडाकडून बांबूचा तट्टा विणून घेतला आणि काचेच्या बाहेर वीतभर अंतर सोडून टांगला. आता तापतो तो तट्टा, आणि त्याची उष्णता बाहेरचा वारा नेतो. नवी काचही उघडणाऱ्या दोन झडपांत बसवली.

आता तडा. साध्या काचेचा एक मीटर लांबीचा तुकडा ३० अंशांनी थंड झाला, तर सुमारे पाव मिलिमीटर आखडतो. हे थोडे वाटते. पण काच उष्णतेची मंदवाहक आहे. गार पाणी पडताच वरचा थर आखडू पाहतो, आतला थर तसाच गरम असतो आणि त्याला आखडू देत नाही. वरच्या थरावर ताण येतो. काच दाब पुष्कळ सोसते, ताण मात्र सोसत नाही. कडेला एखादी बारीक चीर असली की तडा तेथूनच सुरू होतो. प्रयोगशाळेतील बोरोसिलिकेट काच साध्या काचेच्या सुमारे एक तृतीयांशच प्रसरण पावते, म्हणून ती टिकते.

यावरून काचेची कपाटे, टेबलावरची काच, आरसे यांची निगा कशी राखावी ते ठरते. उन्हात तापलेली काच पुसू नये, सकाळी पुसावी. आधी पाण्याने धूळ वाहू द्यावी. धुळीतले वाळूचे कण काचेपेक्षा कठीण असतात आणि कोरड्या फडक्याने ओरखडे पडतात. आमच्याकडे राइस मिलमुळे धानाच्या तुसाची राख मुबलक मिळते आणि भांडी तिने लख्ख होतात. परंतु ती राख बहुतांशी सिलिकाच असल्याने काचेला लावू नये. कूलरच्या पाण्याचे पांढरे डाग लिंबाच्या रसाने निघतात.

कूलरचेही गणित पाहा. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता लागते. दहा बाय बारा फुटांच्या खोलीतील हवा एक अंशाने थंड करण्यास नऊ-दहा किलोकॅलरी पुरतात. मग खिडक्या लावून बसल्यावर कूलर निकामी का होतो? हवा बाष्पाने भरते आणि पाणी उडेनासे होते, म्हणून. समोरची खिडकी उघडी हवीच.

कूलर कितपत चालेल, हे घरीच मोजता येते. दोन तापमापके शेजारी टांगा आणि एकाच्या फुग्यावर ओली चिंधी गुंडाळून पंख्याचा वारा घाला. मेमध्ये कोरडे ४४ अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल, तर ओले सुमारे २५ दाखवील. जूनअखेर ३४ अंश आणि ७५ टक्के आर्द्रता असेल, तर ओले ३० दाखवील. कूलर हवेला ओल्या तापमापकाच्या खाली नेऊ शकत नाही. दोहोंतील अंतर चार-पाच अंशांवर आले, की आम्ही पंप बंद करून नुसता पंखा चालवतो. आमच्याकडे ती वेळ बहुधा मृगाचे दोन-चार पाऊस झाल्यावर येते. त्याच सुमारास आई तट्टा उतरवून घ्यायला सांगते.