काचेच्या धाग्यांचे छप्पर

काच म्हटली की तुमच्या डोळ्यांसमोर काय येते? हातातून निसटलेला पेला आणि फरशीवर पसरलेले तुकडे! असल्या ठिसूळ पदार्थाचे छप्पर घरावर घालायचे म्हटले तर कुणीही हसेल. परंतु कारखाने, गोठे आणि घरे यांच्या छपरांत लोखंडी पत्र्यांच्या मधोमध दुधी रंगाचे, उजेड आत सोडणारे नागमोडी पत्रे तुम्ही पाहिले असतील. त्यांना आपण 'फायबरचे पत्रे' म्हणतो. हे फायबर म्हणजे काचेचाच धागा होय. ठिसूळ काच छपराच्या कामी कशी आली आणि हे पत्रे कसे बसवावेत, ते आता पाहू.

ठिसूळ काच, मजबूत धागा

काच फुटते ती तिच्या पृष्ठभागावरील सूक्ष्म भेगांमुळे. ताण दिला की तो भेगेच्या टोकाशी एकवटतो आणि भेग धावत सुटते. इंग्लंडमधील ए. ए. ग्रिफिथ या अभियंत्याने १९२० च्या सुमारास हे दाखवून दिले. काच वितळवून तिचे धागे ओढले, तर धागा जितका बारीक तितके त्याचे ताणबल अधिक, असे त्याला आढळले. बारीक धाग्यात मोठी भेग मावणारच कशी? पत्र्यांसाठी वापरतात तो धागा साधारणपणे १० ते १५ मायक्रोमीटर जाडीचा, म्हणजे डोक्यावरच्या केसापेक्षाही कितीतरी बारीक असतो.

पण नुसत्या धाग्यांचे छप्पर होत नाही. त्यांना बांधून ठेवायला पॉलिएस्टर राळ लागते. आपल्याकडे मातीच्या भिंती बांधताना मातीत भुसा किंवा गवताचे तुकडे कालवतात, ते आठवा. सुकताना मातीला तडा जाऊ लागला तर गवत तो अडवते. येथेही तसेच आहे. एक धागा तुटला तरी त्याची भेग सभोवतालच्या राळेशी अडते, शेजारच्या धाग्यात शिरत नाही. अशा पदार्थाला संमिश्र पदार्थ म्हणतात.

फायदे कोणते?

पहिला फायदा वजनाचा. दीड मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचे वजन दर चौरस मीटरला सुमारे २ किलोग्रॅम भरते. मंगलोरी कौलांचे ३५ ते ४० किलोग्रॅम. दुसरा फायदा असा की, समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत लोखंडी पत्रा गंजतो, हा गंजत नाही. तिसरा फायदा उजेडाचा. धागे व राळ यांमधून जाताना प्रकाश विखुरतो आणि खोलीभर सौम्य उजेड पडतो; दिवसा दिवा लावावा लागत नाही.

'फायबर उष्णतेचा दुर्वाहक आहे, म्हणून घर थंड राहते,' असे मात्र कोणी सांगितले तर थोडे थांबा. पदार्थ दुर्वाहक आहे हे खरे. पण दीड मिलिमीटरचा पातळ थर उष्णतेला कितीसा अडवणार? शिवाय उजेडाबरोबर उन्हाची ऊर्जाही आत येतेच. म्हणून घराच्या छपरात असे पत्रे मोजकेच घालावेत. राळ जळू शकते, तेव्हा चुलीच्या वर किंवा धुराड्याजवळ हे पत्रे नकोत.

बसवताना

छपराखालच्या आडव्या आधारांवर पत्रे खालच्या कडेकडून वर लावत जावेत, म्हणजे वरच्या पत्र्याचे पाणी खालच्या पत्र्यावर पडते. वरखाली जोडताना किमान १५ सेंटिमीटर पत्रा पत्र्यावर चढवावा. बाजूच्या जोडासाठी, वारा ज्या दिशेला वाहून जातो त्या टोकापासून सुरुवात करावी. मग जोडाची उघडी कड वाऱ्याकडे येत नाही आणि पाऊस आत घुसत नाही. पत्र्याच्या ज्या बाजूला अतिनील किरण रोखणारा थर असतो, ती बाजू वर ठेवावी. एरवी राळ लवकर पिवळी पडते आणि धागे उघडे पडतात.

भोके नेहमी नागमोडीच्या उंचवट्यावर पाडावीत, कारण पाणी खळग्यातून वाहते. भोक बोल्टपेक्षा थोडे मोठे हवे. असे का? ३ मीटर लांबीचा पत्रा घ्या. त्याचा प्रसरणांक दर अंशाला सुमारे ०.००००२५ धरा. पहाटे २० अंश आणि भर उन्हात ६० अंश तापमान असेल, तर लांबीतील वाढ ३००० × ०.००००२५ × ४० = ३ मिलिमीटर! तिला जागा मिळाली नाही तर भोकाशी तडा जातो. बोल्टखाली रबरी वॉशर घालावा आणि बोल्ट बेताने आवळावा.

खरी परीक्षा वादळाची. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. ताशी १२० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. हवेची घनता १.२ धरून ½ρv² या सूत्राने दाब काढा. तो दर चौरस मीटरला सुमारे ६५० न्यूटन येतो. छपरावरून वारा वाहताना जवळजवळ एवढे बल पत्र्याला वर ओढू शकते. पत्र्याचे वजन मात्र अवघे २० न्यूटन! म्हणजे हलकेपणा हा जसा गुण, तसाच तो धोकाही. छपराला त्याचे वजन धरून ठेवत नाही, बोल्ट धरून ठेवतात. कडांशी आणि कोपऱ्यांत हे बल आणखी वाढते, म्हणून तेथे बोल्ट जवळजवळ हवेत. वादळात वाऱ्याकडचे दार उघडे राहिले, तर आत शिरलेली हवाही छप्पर वर ढकलते.

शेवटी सर्वांत महत्त्वाची सूचना. या पत्र्यावर कधीही पाय देऊ नका. धूळ आणि शेवाळे साचल्यावर तो शेजारच्या पत्र्यासारखाच दिसतो, पण माणसाचा भार त्याला पेलत नाही. काम करणाऱ्याने आधारांवर टेकलेल्या फळीवरच उभे राहावे. पत्रा कापताना काचेची धूळ उडते, तेव्हा नाकावर मुखपट्टी, डोळ्यांवर चष्मा आणि हातांत मोजे हवेत.

करून पाहा : ३ मीटर लांब व १ मीटर रुंद पत्रा १२ बोल्टांनी बसवला आहे. वर दिलेल्या वादळात प्रत्येक बोल्टवर किती बल येईल? उत्तर काढा; आणि मग आपल्या घराच्या किंवा शाळेच्या छपराला किती बोल्ट आहेत, ते जमिनीवरूनच मोजा.