सर्व्हरचे शुद्धिपत्र

पुस्तकात चुका राहिल्या, तर प्रकाशक शुद्धिपत्र जोडतो. सबंध पुस्तक पुन्हा छापत नाही. ‘वेबलॉजिक’सारख्या अ‍ॅप्लिकेशन सर्व्हरला, म्हणजे मोठ्या कचेऱ्यांचे संगणकीय व्यवहार ज्याच्या आधारावर चालतात त्या प्रणालीला, लावावयाचा सुटा पॅच हेही शुद्धिपत्रच होय. तो ज्या आवृत्तीसाठी काढलेला असेल, तिलाच लागू पडतो.

मी मराठीचा विद्यार्थी. सुटीत एका कार्यालयात उमेदवारी करताना हे काम माझ्याकडे आले. २०१३ मधील १२.१.२ या आवृत्तीपासून वेबलॉजिकसाठी ‘ओपॅच’ हे साधन वापरतात. मी सर्व्हर थांबवला, मूळ फाइलींची प्रत काढून ठेवली आणि आज्ञा दिली. ओपॅचने कळवले, की आधीच्या एका पॅचशी विरोध आहे. दोघांनाही एकच फाइल बदलावयाची होती. जुना काढून नवा लावण्याचा मोह झाला. पण मग जुन्याने दुरुस्त केलेली चूक परत आली असती. अशा वेळी दोन्ही दुरुस्त्या सामावणारा पॅच उत्पादकाकडे मागावा लागतो. सर्व्हर होता तसाच पुन्हा सुरू केला. तोवर खिडकीपुढची रांग मात्र विनाकारण खोळंबली होती.

लावलेल्या पॅचची यादी ‘एलएसइन्व्हेंटरी’ या आज्ञेने दिसते. विरोधाची तपासणीही सर्व्हर चालू असतानाच करता येते. दोन्ही मी आधी करावयास हवे होते. पॅच लागल्यावर यादी पुन्हा पाहावी. यंत्रे अनेक असल्यास प्रत्येकावर पाहावी.

पूर्वीच्या दुरुस्त्या वाचल्याखेरीज नवी करू नये, हे संहिता-संपादनात शिकलो होतो. पटले ते येथे.