विचारावे कोणाला?



पूर्वी भाताचे पान पिवळे पडले की आपण बांधावरूनच शेजाऱ्याला हाक मारीत असू. मूल तापाने फणफणले की दवाखाना गाठीत असू. आता हात आधी खिशातल्या फोनकडे जातो. व्हॉट्सॲपवर आलेला निरोप आपण वाचतो, नाहीतर चॅटबॉटला, म्हणजे प्रश्नाला उत्तर देणाऱ्या यंत्राला विचारतो. फोन वाईट असे आम्ही म्हणत नाही. हवामानाचा अंदाज व बाजारभाव त्यावर घरबसल्या कळतात. पण पीक आणि प्रकृती त्याच्या हवाली करावी काय, याचा विचार आज करू.

अफवेची किंमत

२०२० सालच्या आरंभी, कोंबडी खाल्ल्याने कोरोना होतो, असा निरोप फोनाफोनी देशभर पसरला. त्याला शास्त्राचा आधार नव्हता. तरी भाव कोसळले. मार्च महिन्यात आपल्याच बेळगाव जिल्ह्यात, गोकाक तालुक्यात, एका कुक्कुटपालकाने सुमारे ६,००० पक्षी जिवंत पुरले. खाद्याचा खर्चही निघेना, तर तो बिचारा काय करणार? त्याआधी १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा गावी, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच निरपराध माणसांचा जीव घेतला होता. निरोप पुढे पाठवणाऱ्या बहुतेकांच्या मनात पाप नसेल. प्रत्येकाने केवळ बोट दाबले.

यंत्र बोलते कसे?

चॅटबॉटला अफाट लिखाणावरून शिकवलेले असते. कोणत्या शब्दामागून कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, या हिशेबाने ते वाक्य जुळवते. म्हणून त्याची भाषा सफाईदार असते. पण सफाईदार बोलणे खरे असतेच असे नाही. २०२३ साली न्यूयॉर्कमधील वकिलांनी अशा यंत्राने पुरवलेले जुने निवाडे न्यायालयापुढे ठेवले. ते निवाडे कधी झालेच नव्हते! त्यांना ५,००० डॉलर दंड झाला.

प्रकृतीच्या बाबतीत चूक अधिक महाग पडते. २०२५ साली अमेरिकेतील डॉक्टरांनी एका साठ वर्षांच्या गृहस्थाची हकिगत प्रसिद्ध केली. जेवणातले मीठ सोडावे म्हणून त्याने चॅटजीपीटीचा सल्ला घेतला आणि मिठाऐवजी सोडियम ब्रोमाइड तीन महिने खाल्ले. त्याला भास होऊ लागले, शेजारी आपल्याला विष घालतो असा संशय येऊ लागला. तीन आठवडे त्याला रुग्णालयात काढावे लागले. पुढे डॉक्टरांनी स्वतः यंत्राला विचारून पाहिले, तेव्हा उत्तरात ब्रोमाइडचे नाव आले, मात्र "हे कशासाठी विचारता?" असे यंत्राने विचारले नाही. डॉक्टर हा प्रश्न पहिल्यांदा विचारतो.

शेतीचेही तसेच. भात पिवळे पडते ते नत्र कमी पडल्याने, जस्त कमी पडल्याने किंवा पाणी साचल्यानेही. यंत्राने तुमचे शेत पाहिलेले नसते. त्याच्या सांगण्यावरून युरिया टाकला आणि उणीव जस्ताची निघाली, तर पैसा गेलाच. शिवाय जादा नत्राने करपा व तुडतुडे यांना आमंत्रण.

आपण काय करावे?

१. आलेला निरोप कोणी व केव्हा लिहिला हे कळल्याशिवाय पुढे पाठवू नये.

२. कीटकनाशकाचे प्रमाण डब्यावरील चिठ्ठी वाचूनच ठरवावे. रयत संपर्क केंद्रात किंवा कृषी विज्ञान केंद्रात रोगट पान घेऊन जावे. किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा क्रमांक विनामूल्य आहे.

३. साप चावला किंवा फवारणीची बाधा झाली तर फोनवर उपाय शोधीत बसू नये. थेट सरकारी रुग्णालय गाठावे. औषधाचा डबा सोबत न्यावा.

४. चालू असलेली गोळी यंत्राच्या सांगण्यावरून बंद करू नये, नवी सुरू करू नये.

५. आधार, बँकेचा खाते क्रमांक, ओटीपी यांपैकी काहीही यंत्राला किंवा अनोळखी माणसाला सांगू नये. फसवणूक झाल्यास त्वरित १९३० वर कळवावे.

६. घरातील मुलगा किंवा मुलगी रात्र रात्र यंत्राशीच मनातले बोलत असेल, तर रागावू नये. जवळ बसून ऐकून घ्यावे. यंत्र गोड बोलेल, पण मुलाचा चेहरा उतरलेला त्याला दिसणार नाही.

रविवारी मिस्साहून घरी आल्यावर फोनवरचा एखादा निरोप काढा आणि सर्वांनी मिळून विचारा: हे कोण सांगतो? त्याला कसे ठाऊक? खोटे निघाले तर नुकसान कोणाचे? तीनपैकी एकाचेही उत्तर मिळाले नाही, तर तो निरोप तिथेच थांबवा.