सामायिक रॅकमधला सर्व्हर किती सुरक्षित?

प्रश्न : आमच्या छोट्या कंपनीचा सर्व्हर महापे इथल्या डेटा सेंटरमध्ये, इतर ग्राहकांसोबतच्या सामायिक रॅकमध्ये आहे. गेटवर पहारा, बोटांचे ठसे, कॅमेरे सगळं आहे. तरी वेगळी काळजी घ्यावी लागते का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : होय, पण त्यात अवघड किंवा फार खर्चिक काही नाही. गेटवरचा पहारा बाहेरच्यांना अडवतो. तुमच्या रॅकचं दार उघडायची मुभा मात्र शेजारच्या ग्राहकालाही असू शकते. खरी भीती चोरीपेक्षा चुकून हात लागण्याची. मागच्या बाजूच्या एकसारख्या काळ्या वायरींत कुणी आपली समजून तुमची पॉवर केबल ओढतो आणि सर्व्हर बंद पडतो.

म्हणून प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना लेबल लावा, लॉक होणाऱ्या पॉवर केबल वापरा. सर्व्हरला दोन पॉवर सप्लाय असतील तर ते वेगवेगळ्या वीजपुरवठ्यावर जोडा. पुढे कुलपाची जाळी बसवा. हवा मात्र अडता कामा नये. न लागणारे यूएसबी पोर्ट बंद करून बायोसला पासवर्ड द्या. डिस्क एन्क्रिप्ट करा, म्हणजे ती कुणी काढून नेली तरी माहिती वाचता येणार नाही. एन्क्रिप्शनची किल्ली आणि बॅकअप दुसरीकडे जपून ठेवा. किल्ली हरवली तर माहिती तुम्हालाही उघडता येणार नाही.

रॅक उघडल्याची नोंद मिळते का, हे डेटा सेंटरला विचारा. स्वतंत्र कुलपाचा पाव किंवा अर्धा रॅक परवडत असेल, तर तोच सर्वांत निर्धास्त पर्याय.